मंगळवार पेठेतला वाडा आणि तिसऱ्या मजल्यावरचे घर

वाचकाचे पत्र

माझे वय ४८ आहे. बालपण मंगळवार पेठेतल्या आमच्या वाड्यात गेले. आजी-आजोबा, तीन काका आणि आम्ही मिळून ते चोवीस माणसांचे घर होते. सहा वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या, वाडा विकला गेला आणि आम्ही कळंब्याच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. आई (वय ७७), पत्नी, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि मी, असे आम्ही पाच जण आहोत. पैशाची ओढाताण नाही, भांडण नाही. तरीही घरात मन लागत नाही. रात्री जेवताना मी वाड्यातल्या गोष्टी सांगू लागलो की मुले एकमेकांकडे बघतात आणि ‘बाबा, हे सांगून झालंय’ म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला एका मोठ्या हॉटेलात तीन दिवस राहिलो, तिथेही प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये होता. गेल्या महिन्यात मी सगळ्यांना वाड्याची जागा दाखवायला नेले. तिथे आता इमारत उभी आहे. मुलगा म्हणाला, ‘इथं तर नुसतं पार्किंग आहे.’ मुलगी गाडीतून उतरलीच नाही. मला इतका राग आला की मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. आठवणींत असे रमणे हा काही आजार आहे का? आणि घरात राहूनही मला घर का सापडत नाही?

एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे मूळ पत्र नऊ पानांचे आहे. जागेअभावी ते वर थोडक्यात द्यावे लागले. परंतु उत्तर लिहिण्यापूर्वी मी ती नऊ पाने दोनदा वाचली, आणि दुसऱ्या वेळी शेजारी कागद-पेन्सिल घेऊन वाचली. चौकातल्या नळावरची पहाटेची घागरींची रांग, माडीच्या अंधाऱ्या जिन्यातली मोडकी पाचवी पायरी, आजोबांचे बोट धरून गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जाणे, पावसाळ्यात ‘पाणी कुठवर आलंय’ हे बघायला सगळ्या पोरांनी पंचगंगेच्या घाटाकडे धावणे, आणि चैत्रात वाडाभर उठणारा चटणीचा ठसका, हे सारे तुम्ही इतक्या मायेने लिहिले आहे की त्या पेठेत कधीही न राहिलेल्या माणसाला तो चौक दिसावा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना मला जराही शंका वाटत नाही: हा आजार नाही. एके काळी मात्र तो आजार मानला गेला होता. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्यकाने स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सादर केलेल्या प्रबंधात, घरापासून दूर गेलेल्या माणसांच्या झुरण्याला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ते घडवले होते, आणि पुढे बराच काळ परदेशी चाकरीत असलेल्या स्विस सैनिकांचे ते दुखणे समजले जाई. आपल्या भाषेने याच भावनेला ‘स्मरणरंजन’ म्हटले. ग्रीक शब्दाच्या पोटात वेदना आहे आणि आपल्या शब्दाच्या पोटात रंजन आहे. तुमच्या पत्रात मला दोन्ही दिसतात, आणि दोन्ही खरी आहेत. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी गेल्या दोन दशकांत या भावनेचा सविस्तर अभ्यास केला आहे. एकटे वाटू लागले की माणूस आठवणींकडे वळतो, आणि आठवणींत गेल्यावर आपण कोणाचे तरी आहोत ही जाणीव त्याला पुन्हा मिळते, असे त्यांना वारंवार आढळले. तहान लागलेल्या माणसाने माठाकडे जावे, तसेच हे आहे. तेव्हा तुम्ही रोज रात्री वाड्याकडे का जाता, याचे कारण कळंब्याच्या घरात शोधायला हवे. पाच माणसांच्या पंगतीत तुम्हाला एकटे का वाटते, हा खरा प्रश्न आहे, आणि तो तुम्ही दुसऱ्या प्रश्नात स्वतःच विचारला आहे.

कागद-पेन्सिल घेऊन वाचले, असे वर म्हटले त्याचे कारण आता सांगते. तुमच्या पत्रात कोण किती वेळा येते याची मी नोंद करीत होते. आजोबा जवळजवळ प्रत्येक पानावर आहेत. चुलतभावंडे आहेत, शेजारच्या तालमीतले पैलवान आहेत, वाड्यातली मांजरेसुद्धा आहेत. तुमच्या आई चार वाक्यांत येतात, आणि त्यांतील तीन त्यांच्या गुडघ्यांविषयी आहेत. पत्नी दोन वाक्यांत येतात. त्या गडहिंग्लजच्या आहेत आणि शाळेत शिकवतात, इतकेच त्यांतून कळते. त्यांचे बालपण कोणत्या घरात गेले, त्या घराला अंगण होते की नाही, तिथे आज कोण राहते, याविषयी नऊ पानांत एक शब्दही नाही.

हे तुम्हाला खजील करण्यासाठी लिहीत नाही. मला वाटते, तुमच्या हरवलेल्या घराकडे जाणारी वाट याच गाळलेल्या जागेतून जाते.

तुम्ही लिहिले आहे, ‘चटणीच्या दिवसांत सगळा वाडा आनंदात असायचा.’ त्या आनंदात तुमच्या आई होत्या का, हे त्यांना कधी विचारले आहे का? चोवीस माणसांच्या वर्षभराच्या चटणीसाठी किती मिरच्यांची देठे खुडावी लागत असतील, किती लसूण सोलावा लागत असेल, चुलीच्या धगीत किती वेळ खोबरे आणि कांदा परतावा लागत असेल, आणि भर चैत्रात मिरची भाजताना डोळ्यांचे काय होत असेल, याची कल्पना करून पाहा. तुम्ही तेव्हा आठ-दहा वर्षांचे होता. तुम्हाला ताज्या चटणीत तेल घालून भाकरीला लावून मिळत होती आणि ती खाऊन तुम्ही पुन्हा खेळायला पळत होता. मुलाचा आनंद असाच असतो, त्याला तसाच राहू द्यावा. परंतु त्या आनंदाच्या मागे कोणाचे तरी हात राबत होते, आणि आज ते हात तुमच्या घरात, तुमच्या जेवणाच्या टेबलाशी, तुमच्या शेजारी आहेत. वाडा गेला तरी वाड्याचा हा सर्वांत मोठा भाग तुमच्याबरोबर कळंब्याला आला आहे. इतक्या वर्षांत त्याच्याशी बोलायचे राहून गेले.

कदाचित त्या चिडून सांगतील की तुझ्या आजोबांना चटणी तिखट लागायची म्हणून मला दोन वेगळ्या कराव्या लागत. कदाचित त्या सांगतील की जावा-जावांनी चौकात बसून देठे खुडताना जी बोलणी व्हायची तेवढाच वर्षातला मोकळा वेळ होता. तुम्हाला ठाऊक असलेल्या वाड्याहून हा वाडा वेगळा असेल, काही ठिकाणी दुखराही असेल. तो ऐकून घ्या. त्या तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात अशी तुमची एक बारीक तक्रार आहे (आणि मुलांची तुमच्याविषयी तीच तक्रार आहे). अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्येच मांडले होते की उतारवयात आयुष्याकडे मागे वळून पाहणे, त्याची उजळणी करणे ही मनाची स्वाभाविक गरज आहे. तोवर अनेक जाणकारही ते म्हातारपणाचे भरकटणे समजत असत. पुढच्या वेळी आईंनी जुनी गोष्ट काढली की त्यात एक नवा प्रश्न घाला. त्या दिवशी पाऊस होता का, तेव्हा तू किती वर्षांची होतीस, घरात आणखी कोण होते. गोष्ट लगेच दुसऱ्या वाटेने चालू लागते, हा माझा अनुभव आहे.

आता पत्नीविषयी. मराठी मुलीने लग्नानंतर जन्मघर सोडायचे, हे आपल्याकडे इतके गृहीत धरलेले आहे की त्या सोडण्याला कोणी दुःख म्हणत नाही. तुमचे घर वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी सुटले आणि तुम्ही नऊ पाने लिहिलीत. त्यांचे घर त्याच्या कितीतरी आधी सुटले. आपल्या आज्या-पणज्यांनी ही हुरहूर कशी सोसली, याचे उत्तर जात्यावरच्या ओव्यांमध्ये आहे. पहाटे दळायला बसलेली बाई माहेरच्या वाटेचे, भावाचे, आईच्या हातच्या घासाचे गाणे म्हणे, आणि ते म्हणत असताना तिच्या हाताखाली दिवसभराच्या भाकरीचे पीठ पडत असे. तिच्या आठवणीला काम होते. मला वाटते, तुमच्या आठवणींना नेमके तेच नाही. त्या नुसत्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या जातात, आणि ऐकणाऱ्याने त्यांचे काय करायचे हे त्याला कळत नाही.

याविषयी माझ्याच घरातली एक गोष्ट सांगते. माझी आई शेवटची काही वर्षे माझ्याकडे होती. ती रोज काहीतरी जुने सांगायची, आणि मी शाळेचे पेपर तपासत, ‘हो, हो, सांगितलं होतंस’ असे म्हणून ते मध्येच तोडत असे. माझी मुलगी मात्र दुपारी तिच्याजवळ बसून देवासाठी कापसाच्या वाती वळायची. आजीने तिला ते शिकवले होते. आई गेल्यानंतर दोन वर्षांनी मुलगी बोलता बोलता सहज म्हणाली की आजीचे पहिले बाळ पावसाळ्यात गेले आणि नदीला पूर असल्याने आजोबा तीन दिवस गावी पोहोचू शकले नव्हते. मला हे माहीत नव्हते. माझ्या आईने ते मला सांगण्याचा प्रयत्न केला होता की नाही, हेही आता मला कधी कळणार नाही. माझ्या मुलीला ते वाती वळताना कळले, कारण हात गुंतलेले असले की बोलणाऱ्याला घाई नसते आणि ऐकणाऱ्याला सुटका शोधावी लागत नाही. तुमचे पत्र वाचताना मला पहिल्यांदा त्या वातींची आठवण झाली.

मुलांबाबत मी तुमच्याशी थोडी कठोर होणार आहे. मुलाने पार्किंग पाहिले आणि पार्किंग म्हटले. तो खोटे बोलला नाही आणि त्याने कोणाचा अपमानही केला नाही. मुलगी उतरली नाही कारण तिला जे दाखवायला नेले होते ते तिथे नव्हतेच. रिकाम्या जागेपाशी उभे राहून डोळे भरून यावेत असे वाटत असेल तर त्या जागेत आपले काहीतरी पुरलेले असावे लागते, आणि त्यांचे तिथे काही नाही. तरीही तुम्हाला राग आला, हे मी समजू शकते. सहा वर्षांपूर्वी कागदांवर सह्या झाल्या त्या दिवशी तुम्हाला मोकळेपणाने रडता आले नसावे, आणि ते साचलेले रडू त्या पार्किंगपाशी रागाच्या रूपाने बाहेर पडले. ते दुःख खरे आहे. पेठांमधले जुने वाडे एकेक करून जात आहेत आणि त्यांच्याबरोबर वीस-पंचवीस माणसांनी एका नळावर भांडण्याची आणि समेट करण्याची रीतही जाते आहे. त्याचे तुम्ही सुतक धरलेत तर मी तुम्हाला ‘जुने विसरा’ असे सांगणार नाही. पण दोन दिवसांच्या अबोल्याची मुलांजवळ क्षमा मागा. कारणमीमांसा न करता, वाड्याचा विषय न काढता, ‘मी तुमच्यावर उगाच रागावलो, माझं चुकलं’ एवढेच म्हणा. बाकीचे सगळे त्यानंतर.

यात घाई करावी असे मला का वाटते, तेही सांगते. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: प्रौढपणी आणि म्हातारपणी माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर वयांच्या मानाने फार अधिक येतात. तुमचा मुलगा त्या उंबरठ्यावर उभा आहे आणि मुलगी आत शिरली आहे. तुमच्या डोळ्यांसमोर सतत मंगळवार पेठ आहे, आणि इकडे कळंब्याच्या तिसऱ्या मजल्यावर दोन माणसांचा ‘वाडा’ याच दिवसांत बांधला जात आहे. चाळीस वर्षांनी त्यांना या घरातले काय आठवेल? जिन्यातल्या मोडक्या पायरीसारखे काही इथे आहे का? ते आपण ठरवून निर्माण करू शकत नाही, हे खरे. तुमच्या आजोबांनी नातवाला आठवण देण्यासाठी गंगावेशीत नेले नव्हते. त्यांना स्वतःला दूध प्यायचे होते आणि ते रोज तिथे जात होते, म्हणून तुम्हीही गेलात. चौकात म्हशी उभ्या आहेत, समोर धार काढली जात आहे, फेसाळ पेला हातात येतो आहे, हे चित्र तुमच्या मनात कोरले गेले ते एका भव्य दिवसामुळे नव्हे, तर शेकडो साध्या सकाळींमुळे. गोव्याच्या तीन दिवसांकडून तुम्ही जे मागत होता ते तीन दिवस देऊच शकत नाहीत. त्याला पुन्हा पुन्हा येणारे काहीतरी लागते.

पुन्हा पुन्हा येण्यातले सुख आपल्या गावाला तर चांगलेच ठाऊक आहे. अंबाबाईच्या किरणोत्सवाला तुम्ही अनेकदा गेला असाल. वर्षातून दोन वेळा, नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या प्रारंभापर्यंत, मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि गाभाऱ्यात देवीच्या चरणांपासून वर चढू लागतात. सारे काही मिनिटांत संपते. कधी ढग आड येतात आणि किरण पोहोचतच नाहीत. तरीही माणसे पुढच्या वेळी पुन्हा येऊन थांबतात, आणि मागच्या वर्षी पाहिले होते म्हणून या वर्षीचे पाहणे कोणाला शिळे वाटत नाही. तुमच्या घरात असे वर्षाला, महिन्याला, आठवड्याला परतणारे काय आहे, याचा विचार करा. फार नको, एकच पुरे.

माझी सूचना चटणीची आहे. तुमच्या पत्रात त्या वासावर दीड पान खर्च झाले आहे, आणि वासाचा स्मृतीशी फार जवळचा संबंध असतो, कारण गंधाची वाट मेंदूतल्या भावना आणि स्मृतीच्या केंद्रांपर्यंत जवळजवळ थेट जाते. शिवाय आणखी एक गोष्ट आहे, जी तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. गडहिंग्लज ही जवारी मिरचीची नावाजलेली बाजारपेठ आहे, आणि संकेश्वर तर तिथून हाकेच्या अंतरावर. तुमच्या वाड्यात दर चैत्रात जी मिरची वाळत पडायची ती तुमच्या पत्नीच्या मुलखातून आलेली असण्याचा पुष्कळ संभव आहे. तेव्हा येत्या सुट्टीच्या दिवशी वाड्याच्या जागेकडे न जाता गडहिंग्लजला जा. पत्नीला पुढच्या सीटवर बसवा. हिरण्यकेशीकाठच्या त्या वाटांवर त्यांना काय आठवते ते विचारा आणि परत येईपर्यंत मंगळवार पेठेचे नाव काढू नका. मुलांनी तुमचे बालपण ऐकले आहे, स्वतःच्या आईचे बहुधा नाही. कोणती मिरची रंगाला, कोणती चवीला आणि कोणती तिखटपणाला घ्यायची याचा निर्णय त्या दोघींनी, म्हणजे आईंनी आणि पत्नीने, करावा. तुमचा वाडा ब्याडगी किती घालायचा आणि गडहिंग्लजचे घर किती, यावर त्यांचे एकमत होणार नाही, आणि ते वादही घरात होऊ द्यावेत.

पुढचे काम मात्र तुमचे आहे, आणि हे मी फार आग्रहाने लिहीत आहे. तुमच्या आनंदासाठी आईंच्या गुडघ्यांवर आणि पत्नीच्या एकुलत्या एक रविवारवर भार पडणार असेल तर हा बेत करूच नका. मिरच्यांना गच्चीवर ऊन देणे, हाताला तेल लावून देठे खुडणे, कांदा चिरून वाळवणे, डंकावर रांगेत उभे राहून चटणी कांडून आणणे आणि शेवटी तेलकट कढया घासणे, हे तुम्ही करा. मुलाला मिरचीपासून दूर ठेवा आणि लसूण सोलायला द्या. मुलीला आग्रह करू नका. चौदा वर्षांच्या मुलीला घरच्यांपासून थोडे लांब राहावेसे वाटते, ती नाराज आहे म्हणून नव्हे, तर ते वयच तसे आहे. ती आपल्या खोलीत बसली तर बसू द्या; दार उघडे असेल तर धने भाजल्याचा वास तिच्यापर्यंत जाईलच. तिसऱ्या मजल्यावर मिरची भाजणार असाल तर शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा, आणि चटणी झाल्यावर त्यांना वाटीभर नेऊन द्या. वाड्यात चोवीस माणसांना एकाच वेळी ठसका लागायचा. इमारतीत तो निदान चार घरांना लागू द्या. सहा वर्षांत त्या मजल्यावरच्या कोणाचेही नाव तुमच्या पत्रात आलेले नाही, हेही मी कागदावर टिपून ठेवले होते.

तुम्ही लिहिले आहे की वाड्यातून आणलेली चिनी मातीची मोठी बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे, कारण ती बघवत नाही. ती खाली काढा, स्वच्छ धुवा आणि दोन दिवस उन्हात कोरडी होऊ द्या. पाच माणसांची चटणी तिच्या तळाशीच राहील, ती भरणार नाही. तरीही तिच्यातच भरा, वर हिंगाचे खडे ठेवा आणि ती माळ्यावर न ठेवता ओट्यावर ठेवा, जिथे रोज तिच्यात चमचा जाईल.

मोबाइलविषयी मी मुद्दाम फार लिहीत नाही. तेलामिरचीच्या हातांनी तो धरता येत नाही, एवढे त्या दिवसापुरते पुरेसे आहे. फक्त तुम्ही स्वतः या सगळ्याची छायाचित्रे काढत बसू नका.

चटणी वर्षातून एकदाच होते. आठवड्याला परतणारे काहीतरी हवे असेल तर आजोबांची वाट अजून मोकळी आहे. रविवारी पहाटे मुलाला घेऊन गंगावेशीत जा. कच्चे दूध सर्वांना मानवत नाही, तेव्हा हवे तर किटलीत घेऊन या आणि घरी तापवून प्या. जाता-येता आजोबांच्या गोष्टी सांगू नका, मुलाला त्याचे सांगू द्या. पावसाळ्यात त्याला आणखी एक काम द्या. राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी किती फुटांवर आहे हा आकडा आपल्याकडे घराघरांत विचारला जातो. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापूरच्या मुलाला पाढ्यासारखे येते. रोज सकाळी तो आकडा शोधून आजीला सांगणे हे त्याचे काम असू द्या. २०१९ च्या महापुरानंतर त्या आकड्यात धास्तीही मिसळली आहे, आणि पाणी बघायला पूर्वीसारखे कुठेही धावत जाणे आता शहाणपणाचे नाही. पण आजीने ‘आमच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं’ हे सांगण्यासाठी त्या आकड्याइतके चांगले निमित्त नाही, आणि त्या वेळी मुलगा ‘हे सांगून झालंय’ म्हणणार नाही, कारण विचारणारा तोच असेल.

पहिल्या वर्षी तुम्हाला अपेक्षित आनंद होईलच, असे आश्वासन मी देत नाही. कदाचित चटणी खारट होईल, आई वैतागतील, मुलगा अर्ध्या लसणावर उठून जाईल आणि तुम्हाला वाटेल की वाड्यातल्यासारखे काहीच झाले नाही. तसे होणारही नाही. त्या रात्री जेवताना गोष्ट सांगण्याचा मोह झाला तर तो एक दिवस आवरा, आणि भाकरीवर चटणी घेऊन बाकीच्यांचे बोलणे ऐका.

एक काम मात्र मुलीसाठी राखून ठेवा, ती खोलीतून बाहेर आली तर. आईंना प्रमाण विचारले की त्या ‘अंदाजाने घालायचं’ असे म्हणतील. त्यांच्या पिढीने कधी मोजून घातलेले नाही. तेव्हा घरातला वजनकाटा ओट्यावर ठेवा, आईंना खडे मीठ त्यांच्या नेहमीच्या मुठीने घेऊ द्या, आणि ते परातीत पडण्याआधी काट्यावर टाकून किती ग्रॅम भरते ते मुलीला वहीत लिहायला सांगा. पुढे त्या वहीत तिच्या आजीची मूठ किती मोठी होती याची नोंद राहील.